कर्माची पाच कारणं आणि चालू न होणारा कॉम्प्युटर



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६

कालपर्यंत आपण त्यागाचे तीन प्रकार पाहिले. आजच्या श्लोकांत भगवंत अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म घडतं तेव्हा त्यामागे पाच कारणं असतात. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म होतं ते. कर्ता, म्हणजे करणारा. करण, म्हणजे साधनं. चेष्टा, म्हणजे निरनिराळ्या हालचाली, खटपटी. आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही करतो, ते योग्य असो की उलटं, त्याला हीच पाच कारणं. आणि हे असं असताना जो केवळ आत्म्यालाच, आपल्या रोजच्या बोलीत 'मी'लाच, कर्ता धरून बसतो, त्याची बुद्धी अजून घडलेली नाही. त्याला दिसत नाही.

'योग्य असो की उलटं' हे शब्द आपण वाचताना पटकन ओलांडून जातो. यश मिळालं की पाच कारणं आपल्याला चटकन आठवतात. सत्काराच्या भाषणात आई-वडील, गुरुजन, देवाची कृपा सगळे येतात. पण काम बिघडलं की? तेव्हा आपल्याला एकच कारण हवं असतं, आणि शक्यतो ते दोन पायांवर चालणारं हवं असतं. भगवंत म्हणतात, बिघडलेल्या कामालाही पाचच कारणं आहेत. या एका मुद्द्यावर आज थांबू या. आमच्या पनवेलमध्ये नुकताच एक प्रसंग घडला आणि त्यात हे श्लोक मला नव्याने वाचावे लागले.

त्याआधी 'दैव' या शब्दाबद्दल थोडं. आपण दैव म्हणजे नशीब समजतो. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात इथे वेगळा अर्थ दिला आहे. डोळा, कान वगैरे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या ज्या देवता आहेत, उदाहरणार्थ डोळ्याला सूर्य, त्या इथे दैव. डोळा कितीही चांगला असला तरी उजेड नसेल तर काय दिसणार? उजेड डोळ्याच्या मालकीचा नाही, आणि त्याच्यावाचून डोळ्याचं काही चालतही नाही. म्हणजे इथे दैव हे कपाळावर लिहिलेलं काही नाही. आपल्या हातात नसलेली, पण आपल्या कामाला लागणारी बाहेरची शक्ती ते दैव. हा अर्थ पुढे लागणार आहे.

आता प्रसंग. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबात मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ड्रॉइंगची कामं घरून घेता यावीत म्हणून त्याला दणकट कॉम्प्युटर हवा होता. तयार घ्यायचा तर परवडेना, म्हणून सुटे भाग आणून स्वतः जुळवायचा असं ठरलं. वडील तळोज्याला कारखान्यात. आईने भिशीचे पैसे दिले, काही वडिलांनी उचल घेतली. एकूण पंचावन्न हजारांच्या आसपास खर्च. मुलगा सकाळच्या हार्बर लोकलने निघाला, कुर्ल्याला बदलून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. सुट्या भागांचा बाजार म्हणजे आजही तोच रस्ता. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी कुणी तसं म्हणत नाही. संध्याकाळी मुलगा दोन मोठ्या पिशव्या पोटाशी धरून, पावसात भिजत घरी आला.

(आपल्याकडे हाताने संगणक जुळवण्याची गोष्ट काही नवी नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी १९५०च्या दशकात स्वतःच्या हाताने एक संगणक घडवला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव 'टिफ्रॅक' ठेवलं. त्यात अडीच हजारांहून जास्त व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे. व्हॉल्व्ह तापतो आणि कधी ना कधी जातोच. म्हणजे ज्यांनी तो संगणक चालवला त्यांनी दोष शोधण्याची साधना किती केली असेल बघा!)

रात्रभर बसून मुलाने सगळं जुळवलं. बटण दाबलं. पंखे फिरले, आतले रंगीत दिवे लागले, आणि पडद्यावर अक्षरं आली : नो सिग्नल. पुन्हा दाबलं. तेच.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी एके काळी या खटाटोपात बराच रमलो होतो हे त्यांना माहीत आहे. घरात गेलो तर तिथे आधीच तीन निकाल लागलेले होते. वडील म्हणाले, "याच्या हाताला गुणच नाही. सांगत होतो तयार घे." आजी म्हणाल्या, "अमावास्येला आणलंय ते, चालेल कसं?" मुलगा म्हणाला, "काका, दुकानदाराने खराब माल दिलाय मला." आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. पैसे त्यांचे होते.

गंमत बघा. वडिलांनी पाचांतला फक्त कर्ता उचलला. आजींनी दैव उचललं, तेही नशीब या अर्थाने. मुलाने करण उचललं. प्रत्येकाच्या हातात एकेक कारण, आणि उरलेली चार वाऱ्यावर. आणि तिघांपैकी एकानेही अजून कॅबिनेटचं झाकण उघडून पाहिलेलं नव्हतं.

दोष शोधणं आणि दोष देणं ही दोन कामं वेगळी आहेत. देताना माणूस समोर लागतो, शोधताना वस्तू समोर लागते. दोष देणाऱ्याला घाई असते. शोधणाऱ्याला धीर लागतो. आणि आपल्याकडे शोधण्याची फार जुनी रीत आहे, न्यायशास्त्रातली आणि वेदान्तातलीही : अन्वय आणि व्यतिरेक. हे असलं की ते असतं, हा अन्वय. हे काढलं की ते जातं, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी जुळलं तरच कारण म्हणायचं. यात एक पथ्य कडक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

आम्ही दैवापासून सुरुवात केली, आचार्यांच्या अर्थाने. म्हणजे भिंतीतल्या वीजेपासून. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर बोटांना झिणझिण्या. प्लगला अर्थिंगच नव्हतं. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं आणि लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात. अर्थिंग असलेल्या दुसऱ्या प्लगवर वायर नेली. झिणझिण्या गेल्या, पडदा मात्र काळाच. दैव सुधारलं तरी कर्म अडलेलंच, म्हणजे कारण आणखी कुठेतरी होतं.

मग साधनं. एसएमपीएसमधून मदरबोर्डला दोन ठिकाणी वीज जाते, एक चोवीस पिनांची रुंद वायर आणि एक वर कोपऱ्यात प्रोसेसरसाठी, बहुधा आठ पिनांची. ही दुसरी पुष्कळ जण विसरतात किंवा अर्धवट बसवतात. मग पंखे फिरतात आणि बाकी सगळं शांत. याने नीट बसवली होती. पडद्याची वायर कुठे लावली ते पाहिलं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्या कार्डात लावायची, मदरबोर्डात नाही. तेही ठीक होतं.

नव्या मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. यंत्र चालू होताना आधी स्वतःचीच तपासणी करतं, मगच कामाला लागतं. तपासणी जिथे अडते तिथला दिवा पेटून राहतो. मला हे नेहमी आवडतं. आपण सकाळी उठून देवासमोर बसतो तेव्हा खरं तर हेच करायचं असतं, आणि आपण थेट मागण्यांची यादी वाचायला घेतो. असो. इथे रॅमचा दिवा पेटलेला होता.

एक सांगून ठेवतो, कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल. नवी डीडीआर ५ जातीची रॅम असेल तर पहिल्या वेळी यंत्र तिची ओळख करून घ्यायला काही मिनिटं लावतं. त्या वेळात पडदा काळाच राहतो. लोक घाबरून दर अर्ध्या मिनिटाने बटण दाबतात आणि ती ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आम्ही घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसलो. आजींनी तेवढ्यात चहा केला. दिवा हलला नाही.

मग वीज बंद करून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढली, थोडा वेळ थांबून परत लावली, म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातात. फरक नाही. दोन रॅमपैकी एक काढली. नाही. ती बसवून दुसरी काढली. नाही. मग एकच रॅम घेऊन चार खाचांत आळीपाळीने लावली. पहिल्या दोन खाचांत काळोख. तिसरीत लावली आणि पडद्यावर अक्षरं आली! मुलगा उभाच राहिला. तीच रॅम पुन्हा दुसऱ्या खाचेत लावली, काळोख. दुसरी रॅम तिसऱ्या खाचेत लावली, चालू. अन्वय, व्यतिरेक. रॅम दोन्ही चांगल्या होत्या. अडत होती ती दोन खाचांची एक बाजू.

अर्धी बाजू मेलेली असली की शंका प्रोसेसरच्या सॉकेटवर जाते. त्याच्या प्रोसेसरच्या सॉकेटला १७०० पिना असतात, केसासारख्या बारीक, प्रत्येकीला आपलं काम. प्रोसेसर काढला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. एका कोपऱ्यात दोन पिना इतरांच्या ओळीतून वाकलेल्या होत्या.

खोलीत कुणी बोललं नाही. मग मुलगाच हळूच म्हणाला, "परवा रात्री बसवताना एकदा हातातून सटकला होता. मला वाटलं काही झालं नसेल."

वाचकहो, यंत्राचं काम इथे जवळजवळ संपलं. श्लोकाचं काम इथून सुरू झालं.

मदरबोर्डला वॉरंटी असते, पण वाकलेल्या पिनांना सहसा नसते. तो हाताळण्यातला दोष धरला जातो. वडिलांना हे कळलं तसा त्यांचा सूर बदलला. इतका वेळ "याच्या हाताला गुण नाही" म्हणणारे तेच आता म्हणाले, "दुकानात सांग, डबा उघडला तेव्हाच वाकलेल्या होत्या. कोण बघायला होतं?" आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीच सांगा हो त्याला, आम्ही काय टाटा-बिर्ला आहोत?"

मला त्यांचा राग आला नाही. उचल घेतलेला माणूस आहे. पण पाहिलंत का, त्यांचं पहिलं वाक्य आणि हे वाक्य एकाच मुशीतलं आहे. सकाळी सगळं ओझं मुलावर, संध्याकाळी सगळं दुकानदारावर. दोन्ही वेळा एकटाच कर्ता हवा होता. भगवंत ज्याला न घडलेली बुद्धी म्हणतात ती नेहमी मूर्खपणाची नसते. पुष्कळदा ती अडचणीत सापडलेल्या, थकलेल्या माणसाची असते.

मुलगा मात्र हुशार. आमच्या सोसायटीच्या गीता वर्गाला आजींना सोडायला येतो आणि मागे बसून ऐकतो. तो म्हणाला, "काका, तुम्हीच त्या दिवशी सांगितलं होतं ना, करणारा एकटा नसतो? मग बघा ना. टेबल डुगडुगत होतं. पावसाळी हवेने हाताला घाम होता. रात्रीचे दोन वाजले होते. आणि पिना एवढ्या नाजूक करायच्याच कशाला? मग माझा एकट्याचा दोष कसा?"

त्याने सांगितलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. डुगडुगतं टेबल हे अधिष्ठान. नाजूक पिना हे करण. रात्री दोनला केलेली घाई ही चेष्टा. पावसाची हवा दैवात धरा. त्याने न शिकता अगदी बरोबर मांडणी केली होती. आणि तरीही मला ते टोचलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. या श्लोकांचा असा उपयोग पुष्कळ जण करतात, मोठी माणसं तर फारच. सगळं पाच जणांत वाटून टाकलं की कुणाच्याच ताटात काही पडत नाही.

मग मी त्याला एवढंच विचारलं. "या पाचांपैकी उद्या दुकानात जाऊन बोलू शकेल असं कोण आहे? टेबल जाईल? घाम जाईल? पिना जातील?"

आपल्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे, जबाबदार. जबाब देणारा तो जबाबदार. गुन्हेगार हा शब्द वेगळा. आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो आणि तिथे घोळ होतो. गीता कर्त्याला एकटा गुन्हेगार ठरवत नाही. उलट त्याच्या डोक्यावरचं ते खोटं ओझं काढून घेते. पण पाचांमध्ये तोंड एकट्या कर्त्यालाच आहे. बाकीची चार मुकी आहेत. म्हणून जबाब त्यानेच द्यायचा. तोच सगळ्याचं कारण आहे म्हणून नव्हे, तर विचारलं तर उत्तर देता येईल असा तोच आहे म्हणून. आणि उत्तर खरं द्यायचं तर ते पुरं असावं लागतं. 'सगळं माझ्यामुळेच झालं' हेही खोटं, 'माझा काही संबंध नाही' हेही खोटं.

हे मी मुलाला एवढं लांबण लावून सांगितलं नाही हं. त्याला फक्त प्रश्न विचारला. लांबण इथे लिहितो आहे.

दोन रात्री तो झोपला नव्हता, असं त्याच्या आईने नंतर सांगितलं. आईचे पैसे आपण पाण्यात घातले असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणजे वरवर तो दुकानदाराला दोष देत होता आणि आतून सगळा स्वतःला. मला वाटतं हे आपल्या सगळ्यांचंच असं असतं. बाहेर जितक्या जोराने बोट दाखवतो, तितकं आत काहीतरी लपवलेलं असतं. पिना वाकलेल्या स्पष्ट दिसल्या तेव्हा त्याचा चेहरा पडला खरा, पण खांदे सैल झाले. नेमका दोष, दोन पिनांएवढाच, डोळ्यांनी दिसला होता.

इथे मला नाथमहाराज आठवतात. ज्ञानेश्वरी सांगून झाली शके १२१२ मध्ये. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत प्रतीवरून प्रत उतरत गेली आणि पाठात चुका शिरल्या, भलत्या ओव्या शिरल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. आता विचार करा, तीनशे वर्षांतल्या किती नकलाकारांच्या किती चुका त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या असतील! कुणाचा हात थकला असेल, कुणाचा दिवा विझला असेल, कुणाला आपलीच ओवी घुसवावीशी वाटली असेल. नाथांनी नकलाकारांची नावं काढत बसण्यापेक्षा पाठ सरळ केला. पण ते मवाळही नव्हते. यापुढे या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये असं त्यांनी कडक शब्दांत बजावून ठेवलं. झालेल्या चुका निमूट दुरुस्त करायच्या आणि पुढे होणाऱ्यांना दार बंद करायचं. दोष शोधणारा माणूस कसा असतो हे मला नाथांच्या या कामात दिसतं.

आता पुढची हकिगत, थोडक्यात. मुलगा पुन्हा ग्रँट रोडला गेला आणि जसं घडलं तसं दुकानदाराला सांगितलं. बदलून मिळालं नाही. मिळणारही नव्हतं. दुकानदाराने त्याच रस्त्यावरच्या एका कारागिराकडे पाठवलं, जो भिंगाखाली बारीक चिमट्याने पिना सरळ करतो. एक पिन सरळ झाली. दुसरी करताना तुटली. कारागिराने तसं सरळ सांगितलं आणि अर्धेच पैसे घेतले. मेलेली बाजू मेलीच राहिली. आता दोन्ही रॅम तिसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत. वेग थोडा कमी मिळतो, पण यंत्र चालतं. प्लगला अर्थिंग करून घेतलं, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी गेली.

वडील त्याच्याशी आठवडाभर नीट बोलले नाहीत. खरं सांगितल्याबद्दल की पिना वाकवल्याबद्दल, ते मला कळलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. गुरुवारी वर्ग संपल्यावर जिन्यात भेटले. म्हणाले, "त्याला पहिलं ड्रॉइंग मिळालंय. बाराशे रुपये देणार आहेत." मग दोन पायऱ्या उतरून थांबले आणि म्हणाले, "आमच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की आधी कोण होतं ड्यूटीवर ते विचारतात." एवढं बोलून गेले.

उद्या श्लोक १७ घेऊ. अहंकार गेलेला माणूस मारूनही मारत नाही, असं त्यात सांगितलं आहे. तो श्लोक आजच्यापेक्षा कितीतरी जपून वाचावा लागतो, म्हणून आज हे १३ ते १६ पुन्हा एकदा सावकाश वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.